पिंपवाला कंदील बघत नाही

पंच्याण्णवच्या ऑक्टोबरात माणसं कुणी वाचवली, असं आमच्या वाडीत कुणालाही विचारा. माझंच नाव सांगतील. एलिहिओ लुमानलान, पिंपवाला. त्रेचाळीस माणसं माझ्या उजेडाकडे बघत चॅपेलपर्यंत पोचली, घंटेच्या माळ्यावर चढली आणि जगली. दर वर्षी फादर हे प्रवचनात सांगतात, मग सगळे मागे वळून माझ्याकडे बघतात. मी आपल्या बुटांकडे बघतो. चव्वेचाळिसावी माझी बायको होती आणि ती आली नाही.

पिंपवाला म्हणजे काय ते सांगायला हवं. हल्लीच्या पोरांना बटण दाबलं की दिवे नाचतात एवढंच ठाऊक आहे. आमचा नाताळचा कंदील तीन पुरुष उंच असतो. पुढून कागद, रंग आणि चार हजार दिवे, मागून नुसतं तारांचं जंजाळ. त्या तारा एका लोखंडी पिंपापाशी येतात आणि प्रत्येक तारेच्या टोकाला बायकांच्या केसांतली एक पिन असते. पिना पिंपावर घासत राहतात. पिंपात वीज खेळत असते. जिथे पिंपाला चिकटपट्टी लावली तिथे पिनेला वीज मिळत नाही, दिवा विझतो. जिथे लोखंड उघडं असेल तिथे पेटतो. पिंप हाताने फिरवायचं, बँडच्या ठेक्यावर, पायाखाली लाकडी फळी आणि मनात देवाचं भय ठेवून. पट्ट्या जशा लावल्या असतील तशी पुढे फुलं उमलतात, चक्रं फिरतात.

फिरवणारा मागे, बघणारे पुढे. चाळीस वर्षं मी पिंप फिरवलं, पण आमचा एकही पेटलेला कंदील पुढून पाहिला नाही. पिंपवाला कंदील बघत नाही, असं माझे गुरू छाती काढून सांगायचे. त्यांचा दुसरा धडा असा, की वीज चालू असताना पिंप थांबवायचं नाही. थांबलं की पिना एकाच जागी तापतात आणि पट्टी करपते. शिवाय थांबलेला कंदील म्हणजे मेलेला कंदील. त्याला कुणी टाळ्या वाजवत नाही.

पट्ट्या लावायचं काम माझ्या बायकोचं, कोन्सिंगचं. तिची जीभ कात्रीपेक्षा तिखट होती आणि हात त्याहून सरळ. पट्टी लावली की ती टोकाला नखाएवढी घडी घालायची. पुढच्या वर्षी सोलताना त्रास नको म्हणून. त्या वर्षी तिने लाट बसवली होती. पुढून बघणाऱ्याला उजेड उजव्या कडेला उठतो, डावीकडे धावत जातो आणि कडेवर फुटतो. तोवर उजवीकडे दुसरी लाट उठलेली असते. मला ती फक्त हातांना माहीत होती. पिंपाचा जोडलेला सांधा अंगठ्याखाली आला की मधली ओळ पेटलेली असते, एवढंच.

पिनातुबो ज्वालामुखी फुटून तेव्हा चार वर्षं झाली होती. दर पावसाळ्यात डोंगरावरची राख चिखल होऊन खाली यायची. त्याला आम्ही लाहार म्हणतो. कधी वरची वाडी जायची, कधी खालची. भुई सगळीकडे राखाडी होऊन गेली होती आणि तिच्यावरून उजेड असा परतायचा की आम्हाला कंदिलाचे रंग दुप्पट गडद करावे लागत. हवा बदलली की रंग बदलतो हे आम्ही तेव्हाच शिकलो होतो. मी मात्र अर्धंच शिकलो.

कोन्सिंगला वाडी सोडायची होती. तिची आई नदीपलीकडे उंचावर राहायची. आमची डोराय तेव्हा नऊ वर्षांची होती, तिला ऑगस्टमध्येच आजीकडे पाठवलं होतं. मी म्हणायचो, कंदील होऊ दे, मग जाऊ. ऑक्टोबरातल्या त्या सकाळी ती भाताचं पातेलं घेऊन चॅपेलच्या अंगणात आली. आमची कार्यशाळा तिथेच होती.

"ढग बघितलेस?" ती म्हणाली.

"बघितले. डिसेंबरात नसतील."

"डिसेंबरात आपण असू का?"

"तू पट्ट्या लाव. आकाशाचं काम देवाला करू दे."

तिने पातेलं फळीवर आपटलं. "मी आईकडे जाते. तू राहा तुझ्या पिंपाशी. त्याच्याशीच लग्न लाव, ते तरी तोंड उघडत नाही."

बाकीची माणसं हसली. मीही हसलो. ती घराकडे गेली.

आमचं घर चॅपेलच्या अगदी समोर होतं, मध्ये फक्त एक शेत. घरातून निघून चॅपेलकडे तोंड केलं की डाव्या हाताला नदी. नदीवरचा पूल ओलांडला की तिच्या आईचं घर. एवढं ध्यानात ठेवा, माझं सगळं आयुष्य या तीन ठिकाणांत अडकलं आहे.

दुपारनंतर पाऊस वाढला. चारच्या सुमारास डोंगराकडून गडगडाट सुरू झाला आणि थांबेना. वीज गेली. मी जनरेटर चालू केला. कंदील अर्धा कागद लावून चॅपेलसमोर उभा होता. दोन पिंपं तयार होती, एक फुलाचं, एक लाटेचं. मी लाटेचं चढवलं. वाडीच्या कुठल्याही कोपऱ्यातून कोन्सिंगला कळावं, की हा मीच आहे आणि मी तिलाच बोलावतोय. सकाळच्या हसण्याची माफी मागायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

माणसं रस्त्याने येऊ लागली, कुंपणाची भिंत धरून, लहानांना खांद्यावर घेऊन. मग लाहार शेतापर्यंत आला. तो गरम असतो. पावसात त्याची वाफ उठली आणि बघता बघता सगळं पांढरं झालं. मला माझे हात दिसत होते, पिंप दिसत होतं, बाकी काही नाही. मी फिरवत राहिलो. जनरेटर बुडेपर्यंत फिरवलं. मग लोकांनी मला ओढून माळ्यावर नेलं.

शेजारणीने तिला शेवटचं पाहिलं होतं. रस्ता बुडाला होता म्हणून ती गाठोडं घेऊन ओट्यावरून शेतात उतरली. चौथ्या दिवशी ती सापडली. शेताच्या डाव्या अंगाला, पुलाच्या अलीकडच्या शिरीषाच्या झाडापाशी. गाठोडं मनगटाला बांधलेलं होतं. त्यात तिचे दोन झगे, जपमाळ, डोरायचा शाळेचा फ्रॉक. माझा एक सदराही नव्हता.

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं. तिने सकाळी सांगितलं होतं कुठे जाते ते, आणि त्याच वाटेवर ती सापडली. मी दोन तास हात सोलून निघेपर्यंत तिला बोलावत होतो आणि ती माझ्याकडे पाठ करून निघाली होती. माझा तिच्यावर राग होता. मेलेल्या माणसावर रागावणं वाईट, हे कळत होतं, तरीही होता.

डोरायचं म्हणणं दुसरं होतं. तिने ते कधी मोठ्याने वाद घालून मांडलं नाही, पण नऊ वर्षांची होती तेव्हापासून तिला ठाऊक होतं की इमा, म्हणजे तिची आई, तिच्याकडे येत होती. फ्रॉक घेऊन. संतांच्या दिवशी आम्ही कबरीवर जायचो तेव्हा एकाच मेणबत्तीपुढे आम्ही दोन वेगळ्या बायकांसाठी उभे असायचो. एक लेकीकडे निघालेली, एक नवऱ्याला सोडून निघालेली. कोन्सिंगचा थोरला भाऊ पोन्सो आमच्या मागे उभा राहायचा. कंदिलाचा सांगाडा तोच बांधतो. तो एकदा म्हणाला, "एलि, माझ्या बहिणीला तुला सोडायचंच असतं तर ती लग्नाच्या आठवड्यातच माहेरी परत आली असती. एवढी वर्षं तुझं घोरणं ऐकत थांबली नसती." मी त्याच्याशी महिनाभर बोललो नाही.

लाटेचं पिंप बुडालं नव्हतं. ते चॅपेलच्या सगळ्यात वरच्या पायरीवर होतं, चिखल तिच्या खालीच थांबला. मी ते नव्या घरी आणलं, चादरीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं, आणि पुन्हा कधी चढवलं नाही. दुपारभर पत्र्याखाली ते तापायचं आणि संध्याकाळी गार होताना वाजायचं. टक. थोड्या वेळाने पुन्हा टक. माझा घास हातात राहायचा.

"लोखंड आहे, तातांग," डोराय दर वेळी म्हणायची. "गार होतंय."

"मला माहीत आहे लोखंड काय असतं."

"मग जेवा."

मी जेवायचो. पण वाजणं मोजायचो. पुढे वाजायचं थांबलं की बरं वाटण्याऐवजी आणखी वाईट वाटायचं.

एकोणीस वर्षं अशी गेली. मग नोएमी आली. नोएमी आर्किसा, मनिलाहून, कापलेले केस, मोटारसायकल, पायांत पुरुषी बूट. ती उजेडाच्या वस्तू करते. साखरेच्या जुन्या गोदामात तिला एक खोली वाफेने भरायची होती आणि आत आमचा जुना कंदील पेटवायचा होता.

पोन्सोला आयतंच सापडलं. "म्हणजे खोलीत धूर करायचा आणि लोकांना म्हणायचं, बघा."

"हो, कोया," ती त्याला दादा म्हणावं तसं म्हणाली.

"काय बघा?"

"धूरच."

"हे तर माझी बायको रोज चुलीपाशी करते. तिला कुणी मनिलाला बोलावत नाही."

"मला त्यांच्या हातचं जेवायला घाला, मी बोलावते," नोएमी म्हणाली. पोन्सो तिथेच विरघळला. त्या दिवसापासून ती त्याच्याच घरी जेवायला.

मी विरघळलो नाही. तिला लाटेचं पिंप हवं होतं, ते मी देणार नव्हतो. ती ओट्यावर बसली आणि वही काढली. वाचलेल्या माणसांना तिने विचारलं होतं, त्या दिवशी कंदील कसा दिसला. एकीने सांगितलं, चंद्र जमिनीवर पडला होता. एकाला वाटलं शेताला आग लागली. एक म्हातारी म्हणाली, दुधाची भिंत होती, आणि ती चालत होती.

"कंदील तोच असतो, बापा," नोएमी म्हणाली. "हवा बदलली की माणसाला दुसराच दिसतो. मला ती हवा करायची आहे."

"ती हवा मी छातीत घेतली आहे, पोरी. मला पुरे."

"तुम्ही कुठे होतात?"

"पिंपापाशी. मागे."

"मग तुम्ही ते पाहिलंच नाही," ती म्हणाली. दुखवायला नव्हे, वहीत लिहायचं म्हणून. पुढे तिने विचारलं, "हे सगळे रस्त्याने आले, भिंत धरून. शेतातून आलेलं कुणी आहे का? ज्यांच्या हाताला धरायला काही नव्हतं, फक्त उजेड होता, असं कुणी?"

"शेतातून कुणी आलं नाही," मी म्हणालो.

आत डोराय भांडी घासत होती. तिचा हात थांबल्याचं मला ऐकू आलं. त्या संध्याकाळी पिंप वाजलं तेव्हा ती "लोखंड आहे" म्हणाली खरी, पण पुढे म्हणाली, "देऊन टाका, तातांग. ते काही इथे सुखाने बसलेलं नाही."

चादर काढली तेव्हा पट्ट्या जिथल्या तिथे होत्या, सुकून तपकिरी झालेल्या. प्रत्येकीच्या टोकाला नखाएवढी घडी. मी एकीवर अंगठा ठेवला आणि उचलला. मला ते फार वेळ जमणार नव्हतं.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी तीन वाजता गोदामात सगळं जुळलं. जमिनीवर सिमेंट, चारी बाजूंना विटांच्या भिंती, खिडक्यांना काळं कापड. टोकाला कंदील, त्याच्या मागे पिंप. दारापासून कंदिलापर्यंत चाळीस पावलं. जुन्या सांगाड्यावर पोन्सोने नवा कागद लावला होता. नोएमीने यंत्र चालू केलं आणि पांढरी वाफ जमिनीवरून चढत छपराला टेकली. तिला वास नव्हता. त्या दिवशी गंधकाचा वास होता. तेवढ्यानेच मला धीर आला.

"मी फिरवतो," पोन्सो म्हणाला. "आयुष्यात एकदा तरी पुढे जाऊन बघ, काय उजेड पाडलास ते."

"शॉक बसेल."

"तुझ्याशी सोयरीक केल्यापासून बसतोच आहे. जा."

मी दारापाशी गेलो. पोन्सो तोंडाने ठेका मोजू लागला, पिना घासल्याचा आवाज आला आणि उजेड झाला.

कंदील नव्हताच. कडा नाही, आकार नाही, रंगही नाही. फक्त पांढरं, आणि ते सगळं पेटलेलं, माझ्या नाकापासून छपरापर्यंत. आणि ते चालत होतं. म्हातारी म्हणाली होती तसंच. उजवीकडून डावीकडे, एकामागून एक, शांतपणे. उजेड कुठून येतो ते कळत नव्हतं. तो कुठे जातो तेवढं कळत होतं. मला कंदिलाकडे जायचं होतं. मी सरळ चालायला लागलो.

चाळीस पावलं मोजली. हात पुढे केला, कागद लागेल म्हणून. खरखरीत वीट लागली. मी गोदामाच्या डाव्या भिंतीशी उभा होतो.

म्हटलं, म्हातारा झालो, तोल जातो. परत दारापाशी गेलो. या वेळी मुद्दाम उजवीकडे रेटून चाललो, दात आवळून. पुन्हा डावी भिंत, फक्त चार हात पुढे. पायांना मी एक सांगत होतो आणि ते दुसऱ्या कुणाचं तरी ऐकत होते.

तिसऱ्या वेळी मी डोळे मिटले. पोन्सोचा ठेकाही ऐकायचा नाही म्हणून कानांत बोटं घातली. आंधळ्यासारखा चाललो आणि चाळिसाव्या पावलाला कपाळ कंदिलाच्या बांबूवर आपटलं.

मी तिथेच खाली बसलो. दिवा नसता तर ती आली असती. हे मी आधी मनात म्हटलं, मग तोंडाने. तिने घराच्या ओट्यावरून ती लाट पाहिली असणार. स्वतःच्या हातची. ओळखली असणार, कुणी फिरवतंय ते. म्हणून तर ती शेतात उतरली. मी बोलावलं आणि ती निघाली, आणि मी प्रत्येक फेऱ्याला तिला थोडं थोडं नदीकडे ढकलत राहिलो. दोन तास. एवढं मन लावून मी पिंप कधीच फिरवलं नव्हतं.

आणि सदरे. मला सदऱ्यांचं आठवलं. ऑगस्टपासून मी कार्यशाळेतच झोपत होतो. माझे सगळे सदरे चॅपेलच्या अंगणात दोरीवर होते. घरात माझं काही नव्हतंच, ती गाठोड्यात काय बांधणार होती? हे मला त्याही दिवशी माहीत होतं. एकोणीस वर्षं माहीत होतं. रागाला सोयीचं नव्हतं, म्हणून मी ते आठवलं नाही.

पोन्सोने वीज बंद केली आणि माझ्यापाशी आला. माझं तोंड बघून त्याने थट्टा केली नाही. "काय रे?" एवढंच म्हणाला.

"ती माझ्याकडे येत होती, कोया."

तो माझ्याशेजारी बसला. मग म्हणाला, "मला ते माहीत होतं. कशामुळे चुकली ते माहीत नव्हतं."

तेवढ्यात दाराशी डोराय दिसली. शाळा सुटल्यावर येते म्हणाली होती, तशी आली, हातात अजून मुलांच्या वह्या. ती नोएमीला म्हणाली, "मलाही चालायचं आहे. इमाने काय पाहिलं ते मला बघू दे." मग माझ्याकडे वळली. "तुम्ही फिरवा, तातांग. तुमच्याच हातचं हवं."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण कशाचं कारण देऊन? हिला काय सांगू? की तुझा फ्रॉक घेतला होता तो घरात होता म्हणून, तू आजीकडे सुखरूप आहेस हे तिला ठाऊक होतं, ती तुझ्याकडे नव्हे, एका हेकट माणसाकडे निघाली होती? पोरीकडे आईचं तेवढंच होतं. मी उठलो, फळीवर उभा राहिलो, पिंपाला हात लावायच्या आधी रबरी हातमोजे चढवले. पोन्सोने वीज दिली.

मागून काही दिसत नाही. पण ऐकू येतं, चाळीस वर्षांत कान तयार होतो. डोरायच्या शाळेच्या चपलेची टाच सिमेंटवर वाजत होती. एक, दोन, पाच, आठ. सरळ येत होती. मी फिरवत होतो, कोन्सिंगच्या घड्या माझ्या डोळ्यांखालून एकेक करून जात होत्या. बारा, पंधरा. मग टाच हळूच एका बाजूला सरकली. आणखी दोन पावलं, आणखी सरकली. तिला कळत नव्हतं. ती खात्रीने, भरभर चालत होती, आणि लांब जात होती.

ती जाताना ऐकणं मला सोसलं नाही. मी पिंप थांबवलं.

हातांनी आयुष्यात हे केलं नव्हतं. मी सांधा अंगठ्याखाली आणला आणि पिंप छातीशी धरावं तसं दाबून धरलं. पुढे मधली ओळ पेटून उभी राहिली असणार. पिना तापू लागल्या. एक पट्टी कडेने काळी पडली, मग दुसरी. घड्या आधी जळाल्या. करपल्याचा वास आला तरी मी सोडलं नाही.

टाच थांबली. थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग ती वळली आणि एक एक पाऊल सरळ माझ्याकडे येत गेली.

डोराय कंदिलाला वळसा घालून मागे आली तेव्हा तिच्या केसांवर वाफेचे थेंब होते. "तातांग, पट्ट्या जळताहेत."

"जळू देत. हात लावू नकोस, वीज आहे."

ती हात मागे घेऊन उभी राहिली. जळणाऱ्या पट्ट्यांकडे बघितलं, मग जिकडून आली त्या पांढऱ्याकडे, मग डावीकडच्या भिंतीकडे. ती शिक्षिका आहे. तिला दोनदा सांगावं लागत नाही.

"मी तिकडे चालले होते," ती म्हणाली. "मला वाटत होतं तुमच्याकडे येतेय."

"हो."

"इमा माझ्याकडे येत नव्हती."

मी खोटं बोलू शकलो असतो. "नाही," मी म्हणालो.

पोन्सोने वीज तोडली. नोएमीने यंत्रही बंद केलं आणि दार उघडलं. वाफ बाहेरच्या उन्हात निघून गेली, आणि गोदाम दिसू लागलं, चार भिंती आणि मधली चाळीस पावलं. मी फळीवरच बसून होतो. डोरायने माझे हातमोजे एकेक करून काढले आणि माझ्याशेजारी बसली. पोन्सो समोर उकिडवा बसला.

पिंप गार व्हायला लागलं. टक. थोड्या वेळाने पुन्हा टक. आम्ही तिघंही ऐकत होतो. लोखंड आहे, असं या वेळी कुणी म्हटलं नाही.